चॅपलखालच्या फुल्या

१

एदमोंच्या पाठपिशवीत काय काय असतं हे मोंब्राक गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पिवळ्या रंगाचा डबा, राखी रंगाचा डबा, दोन ब्रश, साल खरवडायचा तारेचा ब्रश, फांद्या छाटायची कात्री आणि स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरलेल्या जुन्या लिनोलियममधून कापलेला एक साचा. पस्तीस वर्षं त्याने गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून रानवाटा रंगवायचं काम अंगावर घेतलं. काम फुकटचं होतं, त्यामुळे त्यासाठी कोणी भांडायला आलं नाही.

उन्हाळ्यात मोंब्राकला लोक येतात ते पडका किल्ला बघायला, नदीत होड्या वल्हवायला आणि गिरणीच्या फेरीवर चालायला. ही फेरी अकरा किलोमीटरची. बाजाराच्या दगडी मांडवापासून निघायचं, खाली नदीकाठच्या गिरणीपाशी जायचं, तिथून चढून सांत-अलवेरच्या चॅपलला, म्हणजे रानातल्या छोट्या प्रार्थनाघराला, मग रानातून कड्यावर आणि परत गावात. वाटेत झाडांवर पिवळ्या पट्ट्या असतात. पट्टी म्हणजे वाट बरोबर आहे, फुली म्हणजे इकडे जायचं नाही. एवढं कळलं की झालं. एदमोंने आपल्या मुलीला, सोलांजला, ती पाच वर्षांची असताना दोन गोष्टी घोटून शिकवल्या होत्या. फुली कधी ओलांडायची नाही, आणि रानात समोरून कोणी आलं तर, ओळख असो वा नसो, ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं.

पट्टी एका झाडावर दोनदा काढावी लागते, कारण फेरी काही लोक सुलट चालतात आणि काही उलट. म्हणून हे काम दोघांचं. एदमों पुढे चालून जाणाऱ्यांच्या पट्ट्या काढायचा. गाबी, म्हणजे गावचा निवृत्त पाववाला, मागून मान वळवून वळवून येणाऱ्यांच्या पट्ट्या काढायचा. सतरा वर्षं असंच चाललं. एदमोंच्या कुत्र्याने कधीकाळी साच्याचा एक कोपरा चावला होता, त्यामुळे मोंब्राकच्या रानातल्या प्रत्येक पट्टीचा खालचा उजवा कोपरा तुटका आहे. नवा साचा कर म्हणून गाबीने पुष्कळ टोचलं, पण एदमों ऐकणाऱ्यातला नव्हता.

यंदा वसंतात गाबीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एदमों एकटाच गेला. आदल्या रात्री गाबीने फोनवर सगळी उजळणी घेतली.

“आणि चॅपलच्या खाली, उताराला, आठ जुन्या फुल्या आहेत,” तो म्हणाला. “उतरताना दिसत नाहीत, वर येताना दिसतात. त्यांच्यावर एकेक हात मारायचा. पिवळाच.”

“तिथे वाट कुठाय? वर येणार कोण?”

“तुला काय करायचंय? माझ्या आधीचा म्हातारा मारायचा, मी मारतो. यंदा तू मार.”

चॅपलपाशी गाबी दरवर्षी अर्धा तास गायब व्हायचा, आणि एदमोंची समजूत होती की तो झाडामागे बसून बायकोपासून चोरून सिगारेट ओढतो. त्या दिवशी एदमों चॅपलला पोचला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. जिथे वाटच नाही तिथल्या फुल्यांसाठी कोण भिजणार, असं म्हणून तो पुढे निघाला. संध्याकाळी गाबीचा फोन आला, “झालं?”

“झालं,” एदमों म्हणाला.

२

जुलैच्या एका सोमवारी, आदल्या दिवशीच्या वादळात वाटेवर काही पडलंय का हे बघायला एदमों गिरणीकडून चढत होता. चॅपलच्या अलीकडे उताराच्या तोंडाशी एक जुनं चेस्टनटचं झाड आहे. त्याच्या बुंध्यावर पिवळी पट्टी होती.

एदमों थांबला. खरी वाट उजवीकडे, चॅपलच्या पायरीवरून जाते. डावीकडे नुसती झाडी आणि घसरण. तिथे पट्टी काढायचं काही कारणच नव्हतं.

त्याने चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पाहिलं. पट्टी ताजी होती, बोटाला किंचित चिकट लागली. साल नीट खरवडून घेतली होती. कडा सरळ होत्या. खालचा उजवा कोपरा तुटका होता.

त्याने पाठपिशवी काढली, साचा बाहेर घेतला आणि पट्टीवर धरला. तंतोतंत बसला.

वाट चुकवायला पोरंटोरं दिशेच्या फळ्या फिरवतात, दगड रचतात, हे त्याने पाहिलं होतं. पण साल खरवडायचं कोणाला सुचत नाही, आणि त्याचा साचा तर पिशवीसकट स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेला असतो. तो उताराकडे बघत राहिला. बऱ्याच खाली, सावलीत, दुसरी पट्टी दिसत होती.

३

गाबी अंगणात पाय स्टुलावर टाकून शेंगा सोलत बसला होता.

“ये टपालराव,” तो म्हणाला. “माझ्या पेन्शनचं काही आलंय का?”

“तू चॅपलला गेला होतास?”

“हो, काल नाचत गेलो. गुडघ्यात अर्धा किलो लोखंड आहे लेका, मला संडासला जायला काठी लागते.”

एदमोंने पट्टीचं सांगितलं. साच्याचंही सांगितलं. गाबीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“फुल्यांवर हात मारला होतास ना?” त्याने विचारलं.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सतरा वर्षांच्या जोडीदारासमोर, पावसाला भिऊन काम टाकलं म्हणून कबूल करायचं ते एदमोंच्या जिवावर आलं.

“मारला होता.”

“आठही?”

“आठही. किती वेळा विचारशील?”

“मग ठीक आहे,” गाबी म्हणाला आणि शेंग सोलू लागला. “मग ती पट्टी पुसून टाक आणि घरी जा. खाली उतरू नकोस.”

“का? काय आहे खाली?”

“मला माहीत नाही. मी फुल्या रंगवतो आणि मागे न बघता वर येतो. माझ्या आधीच्यानेही एवढंच सांगितलं होतं. शेंगा नेतोस का थोड्या?”

एदमोंने शेंगा नेल्या. गाबी भित्रा आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं, आणि आता त्याचं थोडं हसूही आलं.

४

मंगळवारी सकाळी तो खाली उतरला. आपल्या साच्याची नक्कल कोण करतंय हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

पट्ट्या चोख होत्या. एका झाडापाशी उभं राहिलं की पुढची दिसत होती, अगदी त्याने स्वतः काढल्या असत्या तशीच अंतरं राखलेली. ऊन वर राहिलं. रानातले किडे दिवसभर ओरडतात ते इथे गप्प होते. नदीचा आवाज येत होता, पण उतरूनही तो जवळ येत नव्हता. तीनशे पावलं झाली असतील. आठव्या झाडानंतर दगडी पायऱ्या लागल्या, आणि पायऱ्यांच्या शेवटी एक घर.

एदमों जागच्या जागी थिजला. या टापूतलं प्रत्येक दार त्याने पस्तीस वर्षं ठोठावलं होतं. पडकी कोठारंसुद्धा त्याला नावानिशी माहीत होती. चॅपलच्या खाली घर नाही. कधीच नव्हतं.

घर बैठं होतं, दगडाचं, चुना नुकताच दिल्यासारखं. दाराशी भिंतीला काठ्या टेकवून ठेवल्या होत्या. चालणारे लोक खानावळीत जेवायला शिरताना ठेवतात तशाच. काही जुन्या, धुळीने माखलेल्या. काही नव्या, ॲल्युमिनियमच्या. त्यांच्याखाली चिखलाचे बूट ओळीने, जोडीजोडीने. आतून ताटल्या-चमच्यांचा आवाज येत होता, आणि पुष्कळ लोक जेवताना जसे हळू आवाजात बोलतात तशी कुजबुज. शब्द मात्र एकही कळत नव्हता.

आपल्याला विसर पडला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. वय झालं. कोणीतरी नवं घर बांधलं असेल, उन्हाळी खानावळ काढली असेल, आणि गिऱ्हाइकं यावीत म्हणून पट्ट्या मारल्या असतील. चिडायचं कारण होतं, घाबरायचं नव्हतं. तो दारापाशी गेला. आत डोकावायचं मनात होतं, पण जुनी सवय आधी तोंडातून बाहेर पडली.

“पोस्ट,” तो म्हणाला.

आतला आवाज बंद झाला. हळूहळू नाही, एकदम. चमचासुद्धा वाजला नाही.

मग आतून कोणीतरी म्हणालं, “पोस्ट.”

आवाज एदमोंचाच होता. शेवटचं अक्षर जरा ओढायची त्याची लकबही त्यात होती.

तो वळला आणि पायऱ्या चढू लागला. पहिल्याच झाडावर, वर येणाऱ्याला दिसेल अशी, एक फुली होती. जुनी, पापुद्रे सुटलेली, पुसत आलेली. पुढच्या झाडावर दुसरी. मग तिसरी. जसजसा तो वर येत गेला तसतशा त्या ठसठशीत होत गेल्या. सगळ्यात वरच्या चेस्टनटवरची तर हाताएवढी मोठी होती, रंगाचे थरावर थर चढलेली. आयुष्यात त्याने फुली ओलांडली नव्हती, आणि आज एका दमात आठ ओलांडल्या. तो थेट चॅपलच्या पायरीवर येऊनच बसला.

५

“बाबा, तुमच्या बाहीला रंग लागलाय,” संध्याकाळी सोलांज म्हणाली.

ती पर्यटन कचेरीत काम करायची, गावातच पण वेगळी राहायची, आणि मंगळवारी बापाकडे सूप प्यायला यायची. बाही खरंच पिवळी झाली होती. चढताना कुठेतरी झाड घासलं असणार.

“चॅपलपाशी कोणीतरी खोट्या पट्ट्या मारल्यात,” एदमों म्हणाला. “माझ्याच साच्याने.”

सोलांजने चमचा खाली ठेवला. “तुमच्याच साच्याने?”

“तुटक्या कोपऱ्यासकट.”

मग ती फार सांभाळून म्हणाली, “बाबा, तुम्हीच तर मारल्या नसतील ना? म्हणजे चुकून? गेल्या महिन्यात तुम्ही भाजीची पिशवी टपाल कचेरीत नेऊन ठेवली होतीत.”

“ती एकदाच.”

“मी रागवत नाहीये. रानवाटांच्या मंडळाचे लोक म्हणत होते की आता एखाद्या तरुण माणसाला सोबत द्यावं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून म्हणतात.”

हे एदमोंच्या वर्मी लागलं. घराबद्दल तो सांगणार होता, पण आता कोणत्या तोंडाने सांगणार? आतून माझाच आवाज आला म्हणून? तिने उद्याच त्याला डॉक्टरकडे नेऊन बसवलं असतं. सोलांज गेल्यावर त्याने पिवळ्या रंगाचा डबा उघडला. रंग त्याच्या आठवणीपेक्षा बोटभर कमी होता. किंवा आठवणच बोटभर जास्त होती. 

गुरुवारी सोलांज पाहुण्यांना घेऊन फेरीला जायची. दर उन्हाळ्यात, दर गुरुवारी, नऊ वाजता मांडवापासून. बुधवारी सकाळी एदमों परत चॅपलला गेला. खाली पाऊल टाकलं नाही. गिरणीकडून येताना चेस्टनटवर दिसणारी ती पट्टी त्याने राखी रंगाने झाकली. दोन हात दिले, बुंध्याशी काटक्या ओढून ठेवल्या आणि घरी आला. सोलांज आता उजवीकडेच वळणार होती. त्याचं काम झालं होतं.

६

तरी गुरुवारी त्याला घरात राहवलं नाही. दहा वाजता तो चॅपलच्या पायरीवर टोपी बाजूला ठेवून बसला. लोक साडेदहाला गिरणीकडून वर येतील, त्यांना पुढे जाताना डोळ्यांनी बघायचं आणि मगच घरी जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

पावणेअकरा झाले. अकरा झाले. ऊन इतकं तापलं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. सबंध रानात फक्त या पायरीवर मोबाइलला रेंज येते, आणि तिथेच त्याचा फोन वाजला. गिरणीपाशी होड्या भाड्याने देणारी निनेत बोलत होती.

“एदमोंदादा, सोलांज तुमच्याकडे आहे का? तिचा फोन लागत नाहीये.”

“ती गिरणीकडूनच येणार ना? तुझ्याकडूनच गेली असेल.”

“अहो नाही. आज अडतीस अंश सांगितलंय. म्हणून ती सातलाच निघाली, आणि उलटी निघाली. आधी कडा, मग सावलीतलं रान, मग तुमचं चॅपल, आणि शेवटी इथे पाण्यात. साडेदहाला येणार होती. बारा जणांच्या होड्या मी काठावर काढून ठेवल्यात. तिने तुम्हाला सांगितलं नाही का?”

एदमोंने फोन ठेवला. उलटी. म्हणजे लोक रानाकडून चॅपलला येणार. म्हणजे त्यांना चेस्टनटची दुसरी बाजू दिसणार.

तो उठला आणि झाडाला वळसा घालून गेला. बुंध्याच्या त्या बाजूला पिवळी पट्टी होती. सरळ कडांची, तुटक्या कोपऱ्याची. ती त्याने झाकलीच नव्हती. तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. सतरा वर्षं मागची बाजू गाबी बघायचा, आणि एदमोंच्या डोळ्यांना ती बाजू कधी दिसायचीच नाही.

बारा माणसं आणि सोलांज, दहाच्या आधीच इथे पोचली असणार. तिने बापाच्या हातची पट्टी ओळखली असणार, आणि बापाने नवी वाट काढली म्हणून कौतुकाने खाली उतरली असणार. त्या दारापर्यंत. त्या जेवणाच्या टेबलापर्यंत. आणि आता तिला परत यायचं असेल तर? पायऱ्या चढून वर पाहिलं की पहिल्याच झाडावर फुली. सोलांज फुली ओलांडणारी नव्हती. त्यानेच तिला तसं घडवलं होतं.

त्याला गाबीची आठवण झाली, आणि ‘मग ठीक आहे’ म्हणतानाचा गाबीचा चेहराही आठवला. पण गाबीला फोन करून आधी खोटं बोलल्याचं सांगा, मग त्याचं ऐका, एवढा वेळ कोणाला होता? पोरगी खाली अडकली होती. तिला वर यायला वाट हवी होती, आणि वाट तयार करणं एवढं एकच काम एदमोंला नीट येत होतं.

त्याने दोन्ही डबे उघडले. चेस्टनटच्या खालच्या अंगाला उभा राहिला, आणि ती हाताएवढी फुली राखी रंगाने झाकली. थर इतके जुने होते की ब्रश त्यावर अडखळत होता. तारेचा ब्रश लावला तर एका पिवळ्याखाली दुसरा पिवळा निघाला, त्याखाली पांढरा, त्याखाली नुसती कुऱ्हाडीने कोरलेली खाच. त्याला क्षणभर काहीतरी वाटलं. पण तो थांबला नाही. बाजूला साल खरवडली, साचा धरला आणि पिवळी पट्टी ओढली.

मग खालचं झाड. मग त्याच्या खालचं. फुली झाकायची, पट्टी काढायची. इतकं सुबक काम त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. खालच्या फुल्या इतक्या फिकट होत्या की एका फटकाऱ्यात गेल्या. आठव्या झाडापाशी पिवळा डबा तळाला लागला. तो खरवडून त्याने शेवटची पट्टी काढली, वर वळून पाहिलं, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नजर थेट चॅपलच्या उजेडापर्यंत जात होती.

७

दाराशी काठ्या होत्या, मंगळवारपेक्षा जास्त. सगळ्यात पुढे सोलांजची हेझलच्या लाकडाची काठी होती, मुठीला लाल लोकर गुंडाळलेली. तिच्या आईने गुंडाळली होती ती. खाली तिचे निळे बूट होते.

आत ताटल्या वाजत होत्या. कुजबुज चालली होती. आणि त्यात सोलांज हसत होती. जेवताना कोणी विनोद केला की ती नाकातून हसते, तसंच. एदमोंच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जिवंत होती, हसत होती, आणि आता वर जायची वाट होती.

“सोलांज,” त्याने हाक मारली. “बाहेर ये पोरी. वाट करून दिलीय मी.”

आवाज बंद झाला. एकदम.

“बाबा आले वाटतं,” आतून सोलांज म्हणाली. “वाट करून दिलीय म्हणतात.”

खुर्च्या सरकल्या. एक नाही, दोन नाही. जेवण आटोपून सगळी पंगत एकदम उठते, तशा.

त्याच वेळी वरून, खूप वरून, चॅपलच्या बाजूने, दुपारच्या शांततेत स्वच्छ हाक आली.

“बाबा? अहो बाबा, कुठे आहात? तुमची टोपी इथे पायरीवर पडलीय.”

एदमोंने मान वर केली. झाडांच्या फटीतून उजेडात उभी असलेली एक आकृती दिसली. हातात काठी होती, मुठीला लाल ठिपका.

“आम्हाला उशीर झाला हो,” सोलांज वरून ओरडून सांगत होती. “एका बाईंचा कड्यावर पाय मुरगळला. ही काय नवीन वाट काढलीत का? छान आहे की. थांबा, मी येते खाली.”

नको, असं त्याला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून वारासुद्धा निघाला नाही. त्याला आता सगळं कळलं होतं, आणि कळायला फार उशीर झाला होता. त्या फुल्या खाली जाणाऱ्यांसाठी कधीच नव्हत्या. वर येणाऱ्यांसाठी होत्या. कोणी कुऱ्हाडीने खाचा पाडल्या, कोणी पांढऱ्याने, कोणी पिवळ्याने, वर्षामागून वर्ष, आणि त्याने त्या एका सकाळीत पुसल्या. वर सुबक पट्ट्या काढून दिल्या, थेट गावापर्यंत.

दार उघडलं. त्याने पाहिलं ते एवढंच की एक हात बाहेर आला आणि त्याने लाल लोकरीची काठी उचलली. बोटांना पिवळा रंग लागला होता, नखांत वाळलेला. पुढे बघायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने मान खाली घातली आणि पायाखालच्या पाचोळ्याकडे बघत उभा राहिला.

ते त्याच्या बाजूने जाऊ लागले. घाई नाही, धक्काबुक्की नाही, एकामागून एक, सवयीचे चालणारे जातात तसे. काठ्यांची टोकं दगडावर टकटक वाजत होती. पाचोळा वाजत होता, पण दबत नव्हता. आणि त्याच्यापाशी येऊन प्रत्येक जण रीतीप्रमाणे म्हणत होता, “बोंजूर.” “बोंजूर.” “बोंजूर.” पहिला आवाज सोलांजचा होता. मग एक म्हातारीचा, जिला त्याने वीस वर्षं पेन्शनचं पाकीट नेऊन दिलं होतं आणि जी केव्हाच गेली होती. मग एका लहान मुलाचा. मग त्याचा स्वतःचा.

टकटक वर चढत गेली. आठवं झाड, सातवं, सहावं. कुठेही थांबली नाही. एदमोंने रिकामा डबा पोटाशी धरला होता. वरून खऱ्या सोलांजच्या बुटांचा आवाज येत होता, उतारावर घसरत, सावरत, भराभर.

तिसऱ्या झाडापाशी दोन्ही आवाज एकमेकांना भिडले आणि थांबले.

“बोंजूर,” खालून वर जाणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

सोलांजला ती पाच वर्षांची असताना त्याने तेच शिकवलं होतं. तिने लगेच उत्तर दिलं.